पारवीची मान

डोंगराच्या पायथ्याशी एक माळ होता. फाल्गुन लागला की तिथले पळस पानं टाकून देत आणि केशरी फुलांचे झगे घालून उभे राहत. त्या माळावर धनगरांचा तळ पडला होता. तळावर आठशे मेंढरं, पाच घोडी, चार गडीमाणसं, आणि एक दहा वर्षांची मुलगी. तिचं नाव हौसा.

हौसाला आई नव्हती. तिला होते वडील, आबा. आणि आबांची होती एक घोडी, पारव्याच्या पंखासारखी निळसर राखी. म्हणून तिला सगळे पारवी म्हणत.

पाच दिवसांपूर्वी एक कोकरू कड्यावर अडकलं. आबा त्याला काढायला वर चढले. कोकरू खाली आलं ते उड्या मारत, आणि आबा खाली आले ते मोडका पाय घेऊन. तेव्हापासून ते पालात पडून होते. पायाला बांबूच्या कांबी बांधलेल्या, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घामाचे इवलेइवले थेंब. हौसा ते थेंब परकराच्या टोकानं टिपायची. पुन्हा यायचे. पुन्हा टिपायची.

त्या सकाळी म्हाकू कारभारी पालाशी येऊन बसला. तळावर त्याचा शब्द चाले.

"हौसे, नीट ऐक," तो म्हणाला. "मोडल्या हाडाला आठ दिसांत बसवलं न्हाई, तर ते वाकडंच सांधतं. मग तुझ्या आबाला मेंढरांमागं चालणं या जन्मात न्हाई."

"मग गोदाक्काकडं न्या की आबास्नी!"

गोदाक्का डोंगरापलीकडच्या खोऱ्यात राहायची. हाडं बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तिच्याकडे जायची वाट कड्याच्या कुशीतून जाई. एका बाजूला भिंतीसारखा दगड, दुसऱ्या बाजूला दरी. चौघांनी उचललेली डोली तिथे वळत नसे. जावं तर घोड्यानंच जावं.

"नेऊ कशावर?" कारभारी म्हणाला. "तळ्याचा चिखल झालाय. चार घोडी दिसभर दुरून पाणी आणत्यात म्हणून कोकरं जगत्यात. परवा सकाळी तळ हलणार. उरली तुमची पारवी." तो नाकातल्या नाकात हसला. "अन् पारवीचं काय सांगावं! थोरली घोडी नजरेआड झाली की हिचा जीव कासावीस. कळपवेडी हाय ती!"

ते खरंच होतं. पाच घोडी एका ओळीत चालली की पारवीसारखी शहाणी कुणी नव्हती. पण तिला एकटीला दहा पावलं दूर न्या, की डोळे पांढरे, नाकपुड्या फुगलेल्या, आणि एकच किंकाळी. मग दोर, माणूस, काटे, काही न बघता ती कळपाकडे धाव घ्यायची.

"परवा सकाळी कळप एकीकडं जाईल," कारभारी उठता उठता म्हणाला. "त्या वक्ताला पारवी दुसरीकडं चालली, तर बसवू आबाला तिच्यावर. न्हाई चालली, तर आबा आमच्यासंगं. पाय मग देवाच्या हवाली."

हौसा पालाबाहेर आली. चूल पेटवायला काटक्या हव्या होत्या, म्हणून ती पाण्याची तुंबडी खांद्याला अडकवून बाभळीच्या रानात गेली. तुंबडीत दिवसभराचं तिच्या वाट्याचं पाणी उरलं होतं, दोन घोट.

एका बाभळीच्या खोडावर डिंकाचा मोठा थेंब लोंबत होता, मधाच्या रंगाचा, उन्हात चमचमणारा. हौसा तो खुडायला गेली आणि थबकली. डिंकात काहीतरी फडफडत होतं.

"अगं, ओढू नकोस! पंख फाटतील!" एक बारीक, किणकिणता आवाज आला.

ती होती एक परी, हौसाच्या करंगळीएवढी. अंगावर कोवळ्या गवताचा पोपटी परकर, केसांत तुऱ्याचं कुसळ खोचलेलं, आणि चतुराचे असतात तसे काचेचे पंख, ज्यांत निळा, जांभळा, सोनेरी रंग लपाछपी खेळत होता. पण दोन्ही पंख डिंकात रुतले होते.

ओढून डिंक सुटत नाही, पाण्यानं सुटतो, हे हौसाला ठाऊक होतं. तिनं तुंबडीकडे पाहिलं. घसा तर वाळून गेला होता. तरी तिनं तुंबडी तिरकी केली आणि थेंब थेंब पाणी डिंकावर सोडलं. फुंकर घातली, पुन्हा थेंब सोडला. शेवटच्या थेंबाला डिंक मऊ झाला आणि परी सुर्रकन उडाली.

"मी कुरणपरी," ती म्हणाली. "तू मला सोडवलंस. तुला तीन इच्छा देते. पण नियम आहेत हं."

"सांगा."

"पहिला नियम. गवत, पान, वारा, पाणी, ऊन, सावली, एवढंच माझं राज्य. कुणाच्या अंगाला आणि कुणाच्या मनाला माझी इच्छा हात लावत नाही. दुसरा नियम. इच्छा ओंजळभरच मिळेल, ओंजळीबाहेर सांडेल ती माझी नव्हे."

"म्हंजे आबांचा पाय..." हौसाचा चेहरा उतरला.

"आबांना गोदाक्काकडे तुलाच न्यावं लागेल, बाळे. आता तिसरा नियम, आणि तो सगळ्यांत कडक. ज्या जनावराला घेऊन तू जाणार, त्याला एकदा जरी जोरानं ओढलंस, तर एक इच्छा विरून जाईल. तीनदा ओढलंस, तर तिन्ही जातील."

दुपारी पाण्याची खेप झाली. घोडी सावलीला उभी राहिली. हौसानं पारवीच्या गळ्यात दोर घातला आणि तिला माळाकडे वळवलं. एक, दोन, तीन... आठव्या पावलाला पारवीनं मान वर फेकली. नवव्याला ती गर्रकन फिरली. हौसानं टाचा रोवल्या आणि सगळ्या जिवानिशी दोर ओढला.

दोर तळहातातून सरसरत निघून गेला. पारवी कळपात पोचलीसुद्धा. आणि बाभळीकडून काच तडकल्यासारखा आवाज आला, टिंग!

एक इच्छा गेली होती.

हौसाला रडूच फुटलं. मग तिला वाटलं, आपण लाडीगोडीनं नेऊ. "ओंजळभर हिरवं गवत दे गं परी," ती म्हणाली. लगेच तिच्या ओंजळीत गवत आलं, दवानं भिजलेलं, पाचूसारखं हिरवंगार. त्या वाळलेल्या माळावर असं गवत कुणी महिनाभर पाहिलं नव्हतं. पारवी ते खात खात वीस पावलं आली. शेवटची काडी संपली, तिनं मान वर केली, कळप दूर दिसला. किंकाळी! आणि पुन्हा तीच धाव. या वेळी हौसा बाजूला झाली नसती तर टापांखालीच आली असती.

"गुळाच्या खड्यानं माशी येती, घोडी न्हाई!" कारभारी लांबून ओरडला.

उरली एक इच्छा. उरले दीड दिवस.

पालात आबा जागेच होते. त्यांनी तिचे सोललेले तळहात पाहिले. मग हळूच म्हणाले, "घोड्याची मान मिळाली की घोडा मिळाला, पोरी. माझा बा म्हणायचा."

हौसा परत बाभळीपाशी गेली. ऊन कलत होतं. "परी, मला तिची मान मिळत न्हाई," ती हुंदका देत म्हणाली.

"तू तिला दिलास का?" परीनं विचारलं.

"काय?"

"मान."

हौसानं आपल्याच गळ्याला हात लावला. "माझी मान? ती कशी देऊ? अन् मान दिली म्हणत्यात. दिलास नव्हं."

"मी 'दिलास'च म्हटलं," परी म्हणाली. तिनं पंख झटकले, सोनेरी पराग उडाले आणि ती दिसेनाशी झाली.

मान दिलास. हौसा तिथेच बसून राहिली. मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. मान दिली ती गळ्यावरची. मान दिला तो... मोठ्यांना देतात तो! दोर गळ्यातल्या मानेला बांधता येतो. दुसरा मान आधी द्यावा लागतो, तेव्हा कुठे मिळतो.

पण घोडीला मान द्यायचा कसा? हौसा कळपाजवळ जाऊन बसली आणि पाहू लागली. थोरली घोडी कुणालाच ओढत नव्हती. नुसता कान मागे करायची, की पारवी एक पाऊल सरकायची. पारवी सरकली की थोरली लगेच कान सैल सोडायची. विचारायची, उत्तर मिळालं की गप्प व्हायची. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या खेपेनंतर, हौसानं पारवीला दोर घातला, पण तो सैल ठेवला, पोटासारखा लोंबता. ती कळपाशेजारीच उभी राहिली. पारवीच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सरक." पारवी ढिम्म. हौसा एक पाऊल पुढे झाली. पारवीचा मागचा पाय इवलासा हलला. हौसानं तत्क्षणी बोट खाली घेतलं, मागे सरली आणि तिच्या आयाळीच्या मुळाशी खाजवलं. पारवीनं नवल वाटल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. पुन्हा "सरक". पुन्हा एक पाय. थोड्या वेळानं नुसत्या बोटानं पारवी मागचं अंग वळवू लागली, एक पाऊल मागे जाऊ लागली.

मग हौसा तिला घेऊन निघाली. सात पावलं. आठव्याला पारवी घाबरते ना? म्हणून सातव्यालाच हौसा स्वतः थांबली. "चल, माघारी जाऊ," ती म्हणाली. परत कळपात. पुन्हा निघाली. दहा पावलं, माघारी. पंधरा, माघारी. दर खेपेला भीती यायच्या आधीच ती परत फिरायची. लांब गेल्यावर तिथे काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं, खाजवायचं, माशा हाकायच्या. पारवीला कळायला लागलं, ही मला नेते आणि परत आणते. ही मला फसवत नाही.

दुपारच्या खेपेनंतर त्या दोघी पळसापर्यंत गेल्या. संध्याकाळी, सूर्य डोंगराला टेकायच्या आधी, ओढ्याच्या वळणापर्यंत. तिथून कळप दिसत नव्हता. पारवीचं अंग थरथरलं. कान कात्रीसारखे हलू लागले. हौसानं दोर हलवला नाही. श्वास लांब सोडला आणि आपली मान खाली केली. बराच वेळ गेला. मग पारवीनं ओठ चाटले, फुर्रकन नाक वाजवलं आणि तिचीही मान खाली आली, हौसाच्या खांद्यापर्यंत.

हौसाला वाटलं, छाती आनंदानं फुटेल. पण उद्या कळप उभा राहणार नव्हता, उद्या तो निघून जाणार होता.

तिसरी सकाळ उजाडली. पालं उतरली, घोडी लादली, मेंढरांनी धूळ उडवली. काल पारवी ओढ्यापर्यंत गेलेली कारभाऱ्यानं पाहिली होती, म्हणून त्यानं आबांना उचलून तिच्यावर बसवलं आणि पाय दोरीनं नीट बांधला. थोरलीच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि कळप पूर्वेला निघाला.

हौसानं पारवीचं तोंड पश्चिमेला केलं.

पारवीनं मागे पाहिलं. किंकाळली. हौसा थांबली, तिला पाहू दिलं. मग म्हणाली, "चल." एक पाऊल. थांबली. पुन्हा पाऊल. कारभारी श्वास रोखून बघत होता. दहा, वीस, चाळीस. पळस मागे पडला. ओढ्याचं वळण मागे पडलं. घंटा विरल्या.

"चालली गं, चालली!" कारभाऱ्याचा आवाज आला. "सांभाळून जा, पोरी!"

ऊन तापलं तेव्हा ती तिघं कड्याच्या वाटेला लागली. डाव्या हाताला दगड. उजव्या हाताला इतकी खोल दरी, की घारी पायांखाली उडत होत्या. हौसा पुढे, सैल दोर, मागे पारवीच्या टापा. टक, टक, टक. आबांनी डोळे मिटले होते.

आणि बरोबर मधोमध, जिथे वाट सगळ्यांत अरुंद होती, तिथे वाऱ्यावर घंटा ऐकू आल्या.

पूर्वेकडून वळसा घालून आलेला कळप दरीपलीकडच्या उतारावरून चालला होता, मुंग्यांएवढा. थोरली खिंकाळली. पारवी ताठ झाली. तिनं मान वर फेकली आणि वळायला म्हणून मागचं अंग दरीकडे टाकलं. तिची टाप कडेला घासली. दगड सुटले. ते खाली पडल्याचा आवाज किती तरी वेळानं आला.

"ओढ, हौसे!" आबा ओरडले. "दोर ओढ! फिरली तर समदी जातोय!"

हौसाचे हात दोरावर आवळले. ओढलं की उरलेली इच्छा जाईल. नाही ओढलं तर? एकदम तिला सुचलं, इच्छाच मागावी! ओंजळभर वारा मागून घंटांचा आवाज उडवून लावावा. ओठांवर शब्द आलेही. पण पारवी तिच्याकडेच पाहत होती, एका डोळ्यानं, भेदरलेल्या आणि विचारणाऱ्या. तिला ऐकू आलं होतं ते खरं होतं. खऱ्याला खोटं करून हिला पुढे कसं न्यायचं? आणि वारा पडला की? पुन्हा ही माझ्यावर विश्वास कशी ठेवेल?

हौसानं दोर सैल सोडला.

"आबा, हलू नगा," ती हळू म्हणाली. तिनं श्वास लांब सोडला. "व्हय गं पारवे, तीच हायती. बघून घे." पारवी किंकाळली. हौसानं तिला किंकाळू दिलं. मग पारवीच्या मागच्या अंगाकडे बोट दाखवलं, आत, दगडाच्या बाजूला. "सरक."

एक क्षण काहीच झालं नाही. घार खाली गिरकी घेत होती.

मग पारवीचा मागचा पाय उचलला गेला आणि आत, दगडालगतच्या घट्ट मातीवर पडला. हौसाचं बोट लगेच खाली आलं. दुसरा पाय. तोही आत. आबांच्या तोंडून सुटलेला श्वास हौसाला ऐकू आला.

"चल," हौसा म्हणाली. आणि पारवी चालली. घंटा वाजतच होत्या. ती एका कानानं त्या ऐकत होती आणि दुसरा कान हौसाकडे होता.

गोदाक्काचं घर भोपळ्याच्या पिवळ्या फुलांनी झाकलेलं होतं. तिनं आबांचा पाय चाचपला, दातांत धरायला काठी दिली आणि म्हणाली, "पोरी, बाहेर जा." हौसा कानांवर हात ठेवून बाहेर उभी राहिली. खट्ट! मग आबांची आरोळी. मग गोदाक्काचा आवाज, "झालं! सरळ बसलं. एकवीस दिवस पाय टेकलास तर माझ्याशी गाठ आहे, बाप्या!"

हौसा हसली, रडली, दोन्ही एकदम. खोऱ्यात नदी होती, गुडघाभर गवत होतं. पण पारवी गवताला तोंड लावत नव्हती. डोंगराकडे तोंड करून नुसती उभी होती.

भोपळ्याच्या फुलातून परी बाहेर आली, परागानं माखून पिवळीधमक झालेली. "एक इच्छा उरलीय तुझी. माग, ओंजळभर."

हौसाला नवा परकर हवा होता, पण तो काही गवतावर उगवत नाही. तिला करवंदं हवी होती, भरली ओंजळ. तोंडाला पाणीच सुटलं. मग तिनं पारवीकडे पाहिलं.

"त्या डोंगरावरचा ओंजळभर वारा दे," ती म्हणाली. "कळपावरनं आलेला. माझ्या पारवीसाठी."

परीनं पंख झुलवले. हौसाच्या ओंजळीत थंडगार झुळूक आली. तिला लोकरीचा वास होता, चुलीच्या धुराचा, थोरलीच्या घामाचा. पारवीनं ओंजळीत नाक खुपसलं. हुंगलं, हुंगलं आणि दीर्घ श्वास सोडला. मग ती खाली वाकून गवत खाऊ लागली.

"आलेल्या वाऱ्याला रिकाम्या हातानं घरी पाठवायचं नसतं," परी म्हणाली. तिनं पारवीच्या आयाळीवरून हात फिरवला आणि झुळूक परत डोंगराकडे सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली तेव्हा कड्यावरून घंटा ऐकू आल्या. पुढे थोरली, मागे तिघी, पाठीवर ना सामान ना माणूस. त्यांच्या मागे धोतर सावरत, धापा टाकत म्हाकू कारभारी!

"अगं थांबा, थांबा म्हणतो ना! हौसे, काय जादू केलीस गं? न्याहारीला सामान उतरवलं, वाऱ्याची झुळूक आली, अन् थोरली जी फिरली! ओढून ओढून माझे हात सोलले!" त्यानं लालबुंद तळहात दाखवले. "आम्ही एकट्या पारवीलाच कळपवेडी म्हणत हुतो. हितं समदा कळपच पारवीवेडा!"

गोदाक्का कमरेवर हात ठेवून हसली. "मग आणा मेंढरं इकडंच. पाऊस येईतोवर पुरेल एवढं गवत आहे, नदीला पाणी आहे. ह्या बाप्याला एकवीस दिवस गप्पांना कुणी तरी पाहिजेच!"

पारवी धावली. पाची घोड्यांनी नाकं एकमेकींच्या नाकांना लावली, माना एकमेकींच्या पाठींवर टाकल्या. हौसा कुंपणाशी एकटीच उभी राहिली. आता पारवीला तिची काय गरज? हाक मारावी? दोर आणावा?

तिनं दोन्ही केलं नाही. पाठ फिरवली आणि नदीकडे चालू लागली, हळूहळू, मान खाली घालून. पाच पावलं. दहा. वीस.

मागे टापा वाजल्या. टक, टक, टक.

पारवी कळपातून एकटी बाहेर आली होती. गळ्यात दोर नव्हता. ती आली, हौसाच्या खांद्यावर आपलं जड, ऊबदार डोकं ठेवलं आणि उभी राहिली.

तेव्हा नदीवरचं ऊन एकाएकी उजळलं. पोपटी, केशरी, सोनेरी, चंदेरी. त्या उजेडात हौसाला दोन काचेचे पंख दिसले, मग नुसती चमक दिसली, मग पाण्यावरची लाट.

आबांचा पाय सरळ सांधला. पावसाच्या तोंडावर ते मेंढरांमागे चालत निघाले, आणि सगळ्यांच्या पुढे, कळपाच्याही पुढे, हौसा आणि पारवी. ज्यांनी ही गोष्ट ऐकली, त्यांच्या वाटेलाही असाच एखादा सोबती येवो.